कोबाल्टमामांची चौथी प्रत

कोबाल्टमामांचं पोट यंत्रावर चालायचं आणि त्या यंत्रावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तंजावूरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या रोग्यांना किरण देणारं कोबाल्टचं मशीन ते चालवत. रोज सकाळी खोली उघडली, की कमरेवर हात ठेवून ते त्या मशीनकडे दोन मिनिटं नुसते बघत उभे राहायचे. लग्नघरात नव्या जावयाकडे बघतात ना, तसे. बोलायला गोड आहे, पण पुढे काय रंग दाखवील कुणी सांगावं! मग टेप काढून ते टेबलाची उंची मोजत, किरणांच्या चौकटीची रुंदी मोजत, आणि मशीनवरचा आकडा टेपवरच्या आकड्याशी जुळला तरच पहिल्या पेशंटला आत बोलावत.

त्यांचं नाव कुठलेसे राव होतं. आम्हा तंजावूरच्या मराठी घरांत सगळेच राव. पूर्वज राजांबरोबर इथे आले आणि परत जायचं राहून गेलं, त्यामुळे नावाचा उपयोग ओळख पटवायला फारसा होत नाही. पेशंट तमिळ असो की मराठी, सगळ्यांचे ते कोबाल्टमामा. लुंगीसारख्या वेष्टीवर हॉस्पिटलचा पांढरा कोट, कपाळावर अंगारा, कानावर पेन्सिल आणि खांद्याला पिवळी कापडी पिशवी. पेन त्यांच्याकडे मी कधीच बघितलं नाही. "शाई पाण्यात जाते, बॉलपेन उन्हात जातं. पेन्सिल हाय ना, ती कुठं जात नाही," असं ते म्हणत. मी शाळेत हे बाईंना ऐकवलं आणि शिव्या खाल्ल्या.

आमची त्यांची गाठ पडली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. कुसुम तेव्हा आठ वर्षांची होती, मी बारा. तिच्या मानेखाली गाठी आल्या, तपासण्या झाल्या, सलाइनमधून औषधं झाली, आणि मग डॉक्टरांनी छातीला चौदा दिवस किरण द्यायचे सांगितले. अम्मा रोज आमच्याबरोबर टाउन बसनं यायची, पण व्हरांड्याच्या पुढे तिचं पाऊल पडत नसे. मशीनच्या खोलीचं ते हातभर जाडीचं दार बघितलं, की तिला घेरी यायची. दारापर्यंत कुसुमचा हात धरून मीच जायची.

पहिल्या दिवशी मामांनी कुसुमच्या छातीवर सुई आणि शाईनं तीन बारके ठिपके टोचले, एकाखाली एक. ती भोकाड पसरून रडली. "रडू नको गं, पाप्पा," मामा म्हणाले. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये छोटी मुलगी. "मशीनला तू कोण, काय माहीत? उद्या दुसरं मशीन येईल, दुसरा मामा येईल. त्यालाही कळायला पायजे ना कुठून मोजायचं. हे पुसायचे नाहीत हां. मी मेलो तरी ऱ्हायला पायजेत." मला त्यांचा फार राग आला होता. लहान मुलीसमोर मरणाच्या गोष्टी कसल्या बोलायच्या!

कशापासून मोजलं, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. मी बाकावर बसून कंटाळायची म्हणून त्यांनी एकदा मला टेप दिली आणि बाक मोजायला सांगितलं. मी मोजून सांगितलं, अठ्ठेचाळीस. "काय अठ्ठेचाळीस? बोटं? इंच? कुठून कुठपर्यंत?" मी पुन्हा टेपकडे बघितलं. "नुसता आकडा सांगिटलास तर तो तुझ्याच डोक्यात जिवंत. तू घरी गेलीस की मेला. आकड्याला घर पायजे, अम्मणी." एवढ्याशा बाकासाठी एवढं बोलणं! पण आजही मी नुसता आकडा कुठे लिहू शकत नाही. बँकेत माझे सहकारी त्यावरून हसतात.

त्याच वर्षी हॉस्पिटलनं किरणांचा हिशेब मांडणारा कॉम्प्युटर घेतला. टाय लावलेला एक विक्रेता चेन्नैहून आला होता आणि डॉक्टर, ट्रस्टी सगळे भोवती उभे होते. पडद्यावर छातीचं रंगीत चित्र आलं, सगळ्यांनी वा वा केलं. मामा मागून म्हणाले, "दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं मशीन घेटलं तर हे चित्र त्यात उघडेल?" विक्रेता हसून म्हणाला, आमचंच नवं मॉडेल घ्या की, सर! "म्हणजे लोणचं आमचं, बरणी आमची, पण झाकण तुमच्याशिवाय कुणाला फिरवता येणार नाही," मामा म्हणाले. "मग ते लोणचं आमचं कसं?" ट्रस्टींनी त्यांना चहा बघायला बाहेर पिटाळलं. मी बाकावरून सगळं ऐकत होते. कॉम्प्युटर आलाच, मामांनी तो चालवलाही, पण त्यातला प्रत्येक आकडा ते पेन्सिलीनं कागदावर उतरवून घेत.

त्यांचा नियम तीन प्रतींचा होता. एक प्रत मशीनला, एक कपाटाला, एक पेशंटच्या घराला. "मशीन मरणार. कपाटाला वाळवी लागणार. पण पेशंट मशीनपेक्षा जास्त जगायला पायजे की नको?" असं विचारून ते पेशंटच्या हातात खाकी पाकीट ठेवत. त्यात पेन्सिलीनं काढलेला छातीचा नकाशा, ठिपके, अंतरं, दिवस, सगळं असे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, हे सांभाळा.

आणि गाणं. ते मी विसरणं शक्य नाही. किरण देताना खोलीत पेशंट एकटा लागतो. दार बंद झाल्यावर पहिल्या दिवशी कुसुम टेबलावर उठूनच बसली. मामांनी मशीन थांबवलं, दार उघडलं, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी बाहेरून गातो. तू आत मनात गा. गाणं संपलं की दार उघडतंच बघ." मग बाहेरच्या माइकमधून ते गायला लागले. आठ ओळींचं गाणं, आदी ताल. आमच्या तिकडे तिरुवैयारूला पोरं चालायच्या आधी मांडीवर हा ताल धरतात: टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, टाळी, उलटा हात, टाळी, उलटा हात. मामा एकेका खुणेला एकेक ओळ गात. आठव्या ओळीला त्यांचा तळहात वर व्हायचा, तोच हात बटणाकडे जायचा आणि दार उघडायचं. शेवटची ओळ तेवढी मला पाठ राहिली, "घरी जा गं, पाप्पा." बाकीच्या ओळींत काहीतरी मोजामोजी होती. लहान मुलांच्या गाण्यांत असतेच ती, म्हणून मी कधी कान दिला नाही.

चौदा दिवस कुसुम पुतळ्यासारखी पडून राहिली. शेवटच्या दिवशी तिने मामांना घरून आणलेलं सुंठीचं पाणी पितळी तंबळरमधून दिलं आणि मामांनी तिला पाकीट दिलं. ती बरी झाली. देवाची कृपा, असं अम्मा म्हणाली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय बंद झाला. कोणी विचारलं तर लहानपणी कुसुमला टायफॉइड झाला होता. मुलीची जात. जातक, म्हणजे पत्रिका, हातात घेऊन लोक दारात येतात तेव्हा असल्या गोष्टी घरात असून चालत नाहीत.

कुसुमचं लग्न थाटात झालं. नवरा रघू, तिरुचीला कॉलेजात शिकवतो, माणूस सरळ. छातीवरच्या ठिपक्यांबद्दल त्याला सांगितलं होतं, की आजारपण जावं म्हणून लहानपणी पच्चै टोचलं होतं. पच्चै म्हणजे गोंदण. तसं बघायला गेलं तर ते खोटंही नव्हतं. त्यांना मीनू झाली, ती आता दहा वर्षांची आहे. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं पुण्यात काढली, तिथे मराठी लिहायला-वाचायला शिकले आणि पुन्हा तंजावूरला बदली करून आले. कोबाल्टमामा निवृत्त होऊन तिरुवैयारूला मुलाकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. भेटायला जाऊ, जाऊ म्हणत मी गेले नाही. ही माझी जुनी खोड.

मागच्या वर्षी कुसुमच्या डाव्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन तिरुचीत झालं. त्यानंतर किरण द्यायला हवे होते, आणि ते ठरावीक आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे होते. तिथे किरणांचा हिशेब बघणाऱ्या नित्या नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पूर्वी कधी किरण घेतले आहेत का? कुसुमनं माझ्याकडे बघितलं. शेजारी रघू बसला होता. ती म्हणाली, "घेतले होते. आठ वर्षांची असताना. इथंच छातीला." रघू तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे ते पच्चै नव्हते." एवढंच. त्या एवढ्याशा वाक्याची मला जन्मभर लाज वाटेल.

नित्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या तमिळमध्ये शांतपणे बोलत होत्या. शरीर एकदा घेतलेले किरण विसरत नाही, त्या म्हणाल्या. हृदयानं लहानपणी किती सोसलंय, कुठल्या भागानं सोसलंय, हे कळल्याशिवाय मी पुन्हा तिथे किरण देऊ शकत नाही. चुकून जास्त झाले तर आज काही दिसणार नाही, पण पाच-दहा वर्षांत हृदय दगा देईल. आणि दिलेच नाहीत तर गाठ परत येण्याची भीती आहे. जुना प्लॅन आणा. सुरू करायला आपल्या हातात दोन आठवडे आहेत.

मी तंजावूरच्या त्या हॉस्पिटलात गेले. कोबाल्टचं मशीन कधीच काढून टाकलं होतं. कागदांच्या फायली नियमाप्रमाणे ठरावीक वर्षं ठेवून मोडीत गेल्या होत्या. पण तिथल्या एका भल्या बाईनं कपाट उपसून मला एक सीडी दिली. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्यावर उतरवून ठेवलं होतं. मी ती छातीशी धरून तिरुचीची बस पकडली. नित्या मॅडमनी सीडी घातली, यादी उघडली, आणि त्यात कुसुमचं नाव होतं! नाव, वय आठ, सगळं. मी त्यांच्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

त्यांनी त्या नावावर दाबलं. पडद्यावर चौकटी आणि फुल्या आल्या. दुसऱ्या प्रोग्रॅमनं उघडून बघितलं, पुन्हा तेच. त्यांनी चार ठिकाणी फोन केले. ती कंपनी बंद होऊन जमाना झाला होता. तिची फाइल फक्त तिच्याच प्रोग्रॅमात उघडायची, तो प्रोग्रॅम फक्त तसल्याच जुन्या मशीनवर चालायचा, आणि त्यालाही मागे एक कुलूप-किल्लीसारखा तुकडा खोचावा लागायचा. तो तुकडा कुठे असणार? मोडीत. तीन दिवस त्यांची माणसं त्या फाइलशी झगडत होती. कुसुमचं नाव समोर दिसत होतं आणि आत काय आहे ते कुणालाही दिसत नव्हतं. मला ते टाय लावलेलं हसू आठवत होतं आणि कुणाच्या तरी मुस्कटात मारावीशी वाटत होती.

उरलं खाकी पाकीट. मी घरी येऊन अम्माला विचारलं. अम्मा शेंगा निवडत होती, तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "कावेरीत सोडलं मी," ती म्हणाली.

आडी म्हणजे तमिळ आषाढ, त्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी येतं आणि नव्या नवऱ्या लग्नातल्या माळा त्या पाण्यात सोडतात. कुसुमच्या लग्नानंतरच्या त्या सणाला अम्मानं माळांच्या खाली ते पाकीट ठेवलं होतं. "जातकांबरोबर ठेवलं होतं गं इतकी वर्षं, चारी कोपऱ्यांना हळद लावून. मग मनात आलं, मी गेल्यावर कुणाच्या हाती लागलं तर? तिच्या घरात कळलं तर? रोगच वाहून जाऊ दे मणून सोडलं. कावेरीआईला हात जोडले आणि सोडलं." ती मग रडली. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायचं फार मनात होतं, पण मी तिच्या हातातल्या शेंगा घेऊन निवडायला बसले.

मुदतीतले पाच दिवस शिल्लक असताना मी आणि कुसुम तिरुवैयारूला गेलो. मामांचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. आमचं ऐकून ती तमिळमध्ये म्हणाली, "उशीर केलात. दोन वर्षं झाली, त्यांना झटका येऊन वाचा गेली. उजवा हातही गेलाय. समजतं सगळं, बोलता येत नाही."

मामा कॉटवर उशांना टेकून बसले होते. डोक्यावर चार केस आणि कपाळावर सुनेनं लावलेला वाकडा अंगारा. भिंतीला पिवळी पिशवी टांगलेली होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मामा, ही कुसुम. तुमची पाप्पा." त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर जरा सरकवून वरचा ठिपका दाखवला. मामांचे डोळे भरून आले. मग मी सगळं सांगितलं. मशीन मोडीत गेलं, कपाट रिकामं झालं, पाकीट नदीत गेलं. तुमच्या तिन्ही प्रती गेल्या, मामा. तुमच्याकडे काही आहे का?

त्यांनी डावा हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

"चार?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा चार बोटं. चौथ्या फडताळात? सुनेनं फडताळ उघडलं. जुनी पंचांगं, चष्म्यांची घरं. नाही. चौथी वही? वह्याच नव्हत्या. चार तारीख, चार नंबरची गल्ली, सुचेल ते मी विचारत गेले आणि ते दर वेळी जोरजोरात मान हलवत, नाही, नाही. तोंडातून नुसता "आ, आ" असा आवाज. शेवटी त्यांनी कॉटच्या कडेवर मूठ आपटली आणि ते रडायला लागले. सून म्हणाली, पुरे आता, त्यांना त्रास होतोय. मला कळत होतं की तिचं बरोबर आहे. मी उठले.

तेव्हा मामांनी कॉटच्या कडेवर टाळी दिली. मग करंगळी टेकवली. अनामिका. मधलं बोट. आणि ज्या गळ्यातून शब्द निघत नव्हता, त्या गळ्यातून सूर निघाला. नुसता, शब्दांवाचून. त्याच चालीवर.

कुसुम जागच्या जागी थिजली. "अक्का," ती म्हणाली, "मला हे येतं." तिनं तोंड उघडलं, पण शब्द येईनात. दोन-तीनदा सुरुवात केली, अडली. मग ती मला म्हणाली, "बसून नाही येत. सरक जरा." आणि ती मध्यघरात फरशीवर उताणी झोपली. ऑपरेशनमुळे डावा हात वर जात नव्हता, तरी ओढून दोन्ही हात डोक्याच्या वर घेतले, हनुवटी वर केली, डोळे मिटले. सदतीस वर्षांची बाई, एका पोरीची आई. मामांनी पुन्हा पहिली टाळी दिली आणि ती गायला लागली. आवाज तिचा नव्हताच. आठ वर्षांच्या मुलीचा होता.

तीन ठिपके, सात-सात अंतर,
मधल्या ठिपक्यावर मध्य धर,
रुंदी अकरा, उंची तेरा,
जाडी चौदा, दीडचा फेरा,
अर्धं पुढून, अर्धं पाठून,
चौदा झाले, दार उघडलं,
घरी जा गं, पाप्पा.

मी पिवळ्या पिशवीतून पेन्सिल काढली होती आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत होते. अकरा आणि तेरा मी दोनदा गिरवले. बारा वर्षांची असताना मी बाकावर बसून हे चौदा दिवस ऐकलं होतं! प्रत्येक मुलाचे आकडे त्यांनी त्याच्याच गाण्यात घातले होते. कागद हरवला, मशीन मेलं, लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, तरी मूल जाईल तिथे ते बरोबर जाणार होतं. "झालं, मामा," मी म्हणाले, "मिळालं सगळं."

पण मामांचा हात कॉटवर पालथाच होता.

ते माझ्याकडे बघत होते आणि हात उलटा करत नव्हते. सातव्या खुणेची टाळी पडली होती. आठवी खूण राहिली होती. मी ओळी मोजल्या. सात. "कुसुम, एक ओळ गळलीय," मी म्हणाले. ती पुन्हा गायली. पुन्हा सातच. मामांचा हात पुन्हा पालथा. "नाही गं येत, अक्का, एवढंच आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. मामांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, पण या वेळी पाचव्या खुणेनंतर त्यांनी हात उलटा केला आणि तो पुढे सरकवलाच नाही. तळहात तसाच धरून ते तोच एक सूर लांबवत राहिले. त्यांचा श्वास संपत आला होता, मान थरथरत होती.

"काळजावर," कुसुम पुटपुटली. मग एकदम उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "काळजावर शिसं दहाव्यापासून!"

मामांनी टाळी दिली आणि तळहात वर केला.

नित्या मॅडमनी कॅलेंडरचा तो कागद टेबलावर पसरला आणि मला एकेक ओळ तमिळमध्ये सांगायला लावली. दीड म्हणजे रोजची किरणांची मात्रा आणि लांबी-रुंदीचे आकडे सेंटिमीटरचे, हे त्यांनी लगेच ओळखलं. मग त्यांनी कुसुमचे ठिपके मोजले. शरीर वाढलं होतं, साताचे दहा झाले होते, पण जुनं अंतर गाण्यात होतं, त्यामुळे चौकट केवढी वाढली ते काढता आलं. सहाव्या ओळीवर त्या थांबल्या. "दहाव्या दिवसापासून हृदयावर शिशाचा ठोकळा ठेवला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणजे हृदयानं चौदा नाही, नऊच दिवस सोसलंय. मला एवढंच हवं होतं." मुदत संपायच्या दोन दिवस आधी कुसुमचे किरण सुरू झाले. आता ती बरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते आणि आदल्या दिवशी आम्ही कुणीच नीट जेवत नाही.

किरण संपल्यावर नित्या मॅडमनी नवा प्लॅन पेन ड्राइव्हवर दिला. "दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये उघडेल ना हा?" कुसुमनं विचारलं. उघडेल, आता तशी सोय असते, त्या म्हणाल्या. "आणि कागदावर? कशापासून मोजलं ते लिहिलंय?" तेही लिहिलं होतं. तरी घरी आल्यावर तिनं गाण्याला नव्या आठ ओळी जोडल्या आणि मीनूला शिकवल्या. रघू शेजारी बसून ताल धरत होता.

मामा त्यानंतर चार महिन्यांनी गेले. आम्ही तेराव्याला तिरुवैयारूला गेलो. फोटोखाली पिवळी पिशवी ठेवली होती, तिच्यात पेन्सिल. घरच्यांपेक्षा बाहेरची माणसं जास्त होती. सुनेला कुणीच ओळखीचं वाटत नव्हतं, ती पाणी देता देता बावरून गेली होती. कुसुम फोटोसमोर बसली आणि हलक्या आवाजात गायला लागली. मी तिच्या मागे होते. तिसऱ्या ओळीला माझ्या पाठीमागून दुसरा आवाज आला. खाकी शर्टातला एक जाडजूड कंडक्टर, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, खांद्याला चामड्याची बॅग तशीच. तो डोळे मिटून मांडीवर ताल धरून गात होता. तमिळमध्ये, त्याच चालीवर. आकडे त्याचे वेगळे होते. कुसुमनं मागे वळून बघितलं, पण गाणं थांबवलं नाही, आणि आठव्या ओळीला दोघांचे हात एकदम उलटे झाले.